फाइल समोर दिसते, पण पायथनला सापडत नाही

फोल्डर उघडून पाहिला तर फाइल तिथेच आहे. नावात चूक नाही. घरच्या लॅपटॉपवर हाच कोड निमूट चालतो. सर्व्हरवर, दुसऱ्याच्या मशीनवर किंवा सकाळच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी लिनक्सची सोय) मात्र हे येतं:

फाइलनॉटफाउंडएरर: [एररनो २] नो सच फाइल ऑर डिरेक्टरी: '../नोंदी/सांताक्रूझ/दैनिक.सीएसव्ही'

मुंबईच्या पावसाच्या नोंदी जमवून तक्ते काढणारा आमचा एक हौशी गट आहे. दर पावसाळ्यात त्यात नवी मंडळी येतात, कोणी ठाण्याहून, कोणी विरारहून, आणि सुरुवातीच्या दिवसांतच कोणीतरी हा प्रश्न विचारतं. प्रत्येकाला फोनवर समजावण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो. कोड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिला आहे, टाइप करताना तो अर्थातच रोमन अक्षरांत करायचा. (मूळ, नोंदी अशी व्हेरिएबलची नावं देवनागरीत ठेवलीत तरी पायथन ३ची काही हरकत नसते.)

आपला प्रकल्प असा लावलेला आहे. 'पाऊस' नावाचा मुख्य फोल्डर. त्यात 'कोड' आणि 'नोंदी' असे दोन फोल्डर. 'कोड'मध्ये आढावा.पीवाय आणि मदत.पीवाय. 'नोंदी'मध्ये कुलाबा आणि सांताक्रूझ हे दोन फोल्डर, आणि दोन्हींत दैनिक.सीएसव्ही याच नावाची एकेक फाइल. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आढावा.पीवायमध्ये कोणीतरी लिहिलेलं असतं:

ओपन('../नोंदी/सांताक्रूझ/दैनिक.सीएसव्ही')

लिहिणाऱ्याच्या मनात असतं की 'या कोडच्या फाइलपासून एक पायरी वर जा, मग नोंदी'. पायथन ते तसं वाचत नाही. रिलेटिव्ह पाथ, म्हणजे पूर्ण पत्त्याऐवजी 'इथून पुढे' असा लिहिलेला पाथ, मोजला जातो तो प्रोसेसच्या वर्किंग डिरेक्टरीपासून, म्हणजे प्रोग्रॅम सुरू झाला तेव्हा तो ज्या फोल्डरमध्ये उभा होता तिथून. कोडची फाइल डिस्कवर कुठे ठेवली आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. दादरला कोणाला 'पुलावरून उतरलास की डावीकडे' असं सांगितलं, तर तो पूर्वेला उतरतो की पश्चिमेला यावर तो कुठे पोचणार ते ठरतं. तसंच हे. 'कोड' फोल्डरमध्ये उभं राहून पायथन आढावा.पीवाय म्हटलं तर चालतं. एक पायरी वर, 'पाऊस'मध्ये उभं राहून पायथन कोड/आढावा.पीवाय म्हटलं की '../नोंदी' म्हणजे 'पाऊस'च्याही बाहेरचा फोल्डर होतो, आणि तो अस्तित्वातच नसतो.

इतकं सांगितल्यावर हुशार विद्यार्थी हमखास उलटा प्रश्न टाकतो: मग त्याच फोल्डरमधली मदत.पीवाय कुठूनही चालवलं तरी इम्पोर्ट कशी होते? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि माझ्या मते बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. इम्पोर्टचा शोध वेगळ्या यादीतून चालतो. तिचं नाव सिस.पाथ. स्क्रिप्ट थेट चालवली की या यादीच्या पहिल्या जागी पायथन त्या स्क्रिप्टचा फोल्डर बसवतं, म्हणून शेजारची मदत.पीवाय नेहमी सापडते. ओपन मात्र ही यादी बघतच नाही, ते पाथ जसाच्या तसा ऑपरेटिंग सिस्टिमकडे सोपवतं, आणि ऑपरेटिंग सिस्टिमला पायथनच्या स्क्रिप्टशी काही देणंघेणं नसतं. एकाच फाइलमध्ये, लागोपाठच्या दोन ओळींत, 'शेजारी' हे दोन वेगवेगळ्या ठिकाणांवरून ठरतं. त्यात पुन्हा पायथन -एम कोड.आढावा असं चालवलं तर सिस.पाथच्या पहिल्या जागी स्क्रिप्टच्या फोल्डरऐवजी चालू फोल्डर येतो, आणि मग पाथ 'पाऊस'पासून लिहिलेला असेल तर उलट तक्रार येते की फाइल सापडते पण इम्पोर्ट मोडलं. नोडवाल्यांनी (नोड म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) हसू नये. तिथेही रिक्वायरमधला './' त्या जेएस फाइलपासून मोजतात आणि एफएस.रीडफाइलमधला './' वर्किंग डिरेक्टरीपासून.

वर्किंग डिरेक्टरी कोण ठरवतं?

जो प्रोग्रॅम सुरू करतो तो. त्यामुळे तोच कोड, तीच फाइल, आणि चालवण्याची पद्धत बदलली की निकाल बदलतो. व्हीएस कोड या एडिटरमध्ये रनचं बटण दाबलं तर टर्मिनल सहसा तुम्ही उघडलेल्या मुख्य फोल्डरमध्ये असतं, म्हणजे आपल्या बाबतीत 'पाऊस'मध्ये. पायचार्म नवीन स्क्रिप्टसाठी त्या स्क्रिप्टचाच फोल्डर धरतं. म्हणून 'पायचार्ममध्ये चालतं, व्हीएस कोडमध्ये नाही' ही तक्रार येते, आणि त्यात दोघांपैकी कोणाचाच दोष नसतो. ज्युपिटरमध्ये नोटबुक जिथे आहे तो फोल्डर. विंडोजमध्ये फाइलवर डबल क्लिक केलं तर त्या फाइलचा फोल्डर.

आपोआप चालणाऱ्या कामांत हे जास्त टोचतं. हवामान खात्याच्या चोवीस तासांच्या पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते, म्हणून आढावा काढणारी स्क्रिप्ट त्यानंतर थोड्या वेळाने क्रॉनवर लावलेली असते. क्रॉन काम सुरू करतो तो त्या युजरच्या होम डिरेक्टरीतून, आणि तिथे 'नोंदी' नसतात. सिस्टमडीची (लिनक्सवर पार्श्वभूमीतली कामं चालवणारी व्यवस्था) सर्व्हिस असेल तर, दुसरं काही सांगितलं नसल्यास, ती थेट रूटमधून, म्हणजे एकट्या स्लॅशमधून सुरू होते. त्यासाठी सर्व्हिस फाइलमध्ये वर्किंगडिरेक्टरी ही ओळ असते. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये 'स्टार्ट इन' हा रकाना ऐच्छिक असल्याचं लिहिलंय म्हणून सगळे तो रिकामा सोडतात. तो रिकामा असला की काम सुरू होतं सिस्टम३२ फोल्डरमधून. तिथे फाइल वाचायला गेलात तर 'सापडली नाही', आणि लिहायला गेलात तर बहुधा पर्मिशनएरर. पर्मिशनचा एरर पाहून लोक अँटिव्हायरसवर संशय घेत बसतात. त्या रकान्यात फोल्डरचा पूर्ण पाथ भरा, आणि पाथमध्ये स्पेस असली तरी अवतरणचिन्हं घालू नका. ती घातली की टास्क सुरूच होत नाही.

आधी मोजा, मग दुरुस्त करा

अंदाजाने '../' जोडत-काढत बसू नका. एरर येणाऱ्या ओळीच्या लगेच वर हे टाका:

फ्रॉम पाथलिब इम्पोर्ट पाथ
वाट = पाथ('../नोंदी/सांताक्रूझ/दैनिक.सीएसव्ही')
प्रिंट(पाथ.सीडब्ल्यूडी())
प्रिंट(वाट.रिझॉल्व्ह())
प्रिंट(वाट.एक्झिस्ट्स())

पहिली ओळ सांगते प्रोसेस कुठे उभी आहे. दुसरी सांगते की तुमच्या रिलेटिव्ह पाथचा तिथून पूर्ण पत्ता काय होतो. बहुतेक वेळा ही दुसरी ओळ वाचताच प्रश्न सुटतो, कारण पत्त्यात 'पाऊस' हा शब्दच नसतो. ही तपासणी जिथे बिघाड होतो तिथेच करा. क्रॉनमध्ये बिघडत असेल तर क्रॉनमध्येच छापून आउटपुट लॉगमध्ये वळवा. टर्मिनलमध्ये छापलेली वर्किंग डिरेक्टरी तुमच्या टर्मिनलची असते, क्रॉनची नव्हे.

आणखी एक साधी गोष्ट आधी पाहून घ्या: सर्व्हरवर फाइल खरंच पोचली आहे का? गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) रिकामे फोल्डर ठेवत नाही, आणि गिटइग्नोर या वगळायच्या फायलींच्या यादीत कोणीतरी सगळ्या सीएसव्ही वगळून ठेवलेल्या असतात. तिथे पाथ कितीही बरोबर लिहिला तरी उपयोग नाही.

एरर आला नाही तर जास्त घाबरा

फाइलनॉटफाउंडएरर हा खरं तर उपकार आहे. रिलेटिव्ह पाथचा खरा उपद्रव होतो तो काहीतरी सापडतं तेव्हा. वर सांगितलं की दोन्ही फोल्डरांत दैनिक.सीएसव्ही याच नावाची फाइल आहे. कोणी कंटाळून कोडमध्ये नुसतं ओपन('दैनिक.सीएसव्ही') लिहिलं आणि 'आपण सांताक्रूझ फोल्डरमध्ये जाऊन चालवू' असं ठरवलं, तर चुकून कुलाब्याच्या फोल्डरमध्ये उभं राहून चालवल्यावर कसलीही तक्रार न होता तक्ता निघेल. वर मथळा सांताक्रूझ, खाली आकडे कुलाब्याचे. २६ जुलै २००५च्या पावसाची, म्हणजे २७ तारखेला सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांची, नोंद सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आहे आणि कुलाब्याला ७५च्या आत. त्या दिवशीची अदलाबदल कोणीही मुंबईकर पकडेल, कारण तो आकडा इथे लोकांना पाठ आहे. ऑगस्टमधल्या एखाद्या साध्या मंगळवारचे १२ आणि १९ उलटसुलट झाले तर कोणाच्या बापाला कळणार नाही.

लिहिण्याचंही तसंच. राइट मोडमध्ये ओपन केलं की फाइल नसेल तर ती तयार होते. क्रॉनने होम डिरेक्टरीत आढावा.सीएसव्ही रोज सकाळी इमानदारीने लिहिलेली असते, आणि आपण 'पाऊस'मधली जुनी फाइल उघडून 'आज अपडेट का झालं नाही' म्हणत असतो. 'फोल्डर नसेल तर बनव' म्हणून एमकेडिरला पेरेंट्स=ट्रू देण्याची सवय त्यात भर घालते. चुकीच्या जागी सबंध झाड उगवतं. ही सोय मी फक्त आउटपुटच्या फोल्डरसाठी वापरू देतो, तीही पाथ पक्का केल्यानंतर.

एसक्यूलाइट, म्हणजे एकाच फाइलमध्ये राहणारा डेटाबेस, यात सगळ्यांत फसवं. कनेक्टला दिलेला डेटाबेस तिथे नसेल तर ते तक्रार न करता रिकामा नवीन बनवतं. मग एरर येतो तो 'नो सच टेबल', आणि माणूस टेबल कुठे गेलं म्हणून स्कीमा तपासायला लागतो. टेबल जागेवरच असतं, तुम्ही दुसरीच, रिकामी फाइल उघडलेली असते. हा एरर दिसला की आधी त्या नावाची शून्य बाइटची फाइल कुठे तयार झाली आहे ते शोधा. पुन्हा होऊ नये म्हणून कनेक्टला पाथ यूआरआयच्या रूपात द्या, शेवटी मोड=आरडब्ल्यू लावा आणि यूआरआय=ट्रू ठेवा. मग फाइल नसेल तर ते नवीन न बनवता सरळ एरर देतं.

कायमचा इलाज

कोडसोबत येणाऱ्या फायलींचा पाथ कोडच्या फाइलपासून बांधायचा. प्रत्येक मॉड्यूलला त्याची स्वतःची जागा __फाइल__ या नावात माहीत असते. 'कोड' फोल्डरमध्ये मार्ग.पीवाय नावाची छोटी फाइल करा:

फ्रॉम पाथलिब इम्पोर्ट पाथ
मूळ = पाथ(__फाइल__).रिझॉल्व्ह().पेरेंट.पेरेंट
नोंदी = मूळ / 'नोंदी'
सांताक्रूझ = नोंदी / 'सांताक्रूझ' / 'दैनिक.सीएसव्ही'
कुलाबा = नोंदी / 'कुलाबा' / 'दैनिक.सीएसव्ही'

पहिला पेरेंट म्हणजे 'कोड', दुसरा म्हणजे 'पाऊस'. बाकी सगळीकडे फ्रॉम मार्ग इम्पोर्ट सांताक्रूझ. पाथ एकाच जागी राहतात, '../' कुठेच दिसत नाही, आणि उद्या फोल्डर हलवला तर एकच फाइल बदलायची. रिझॉल्व्ह गाळू नका. पायथन ३.९च्या आधी थेट चालवलेल्या स्क्रिप्टचा __फाइल__ रिलेटिव्ह असू शकत असे. शिवाय रिझॉल्व्ह सिमलिंकही (दुसऱ्या जागी बोट दाखवणारा दुवा) सोडवतं. पाथलिब २०१४ सालच्या ३.४पासून पायथनमध्ये आहे आणि ३.६पासून ओपन पाथ ऑब्जेक्ट थेट घेतं, तेव्हा जुन्या ओएस.पाथ.जॉइनच्या माळा नव्या कोडमध्ये ओवायचं कारण उरलेलं नाही.

एक खोच मात्र आहे. जोडताना उजवीकडचा तुकडा स्लॅशने सुरू झाला तर डावीकडचं सगळं (विंडोजवर ड्राइव्हचं अक्षर सोडून) गळून पडतं: मूळ / '/नोंदी' म्हणजे नुसतं '/नोंदी'. ओएस.पाथ.जॉइनही असंच वागतं. कॉन्फिगमध्ये कोणी हौसेने पुढे स्लॅश लावला की हे होतं.

'मग सरळ सी ड्राइव्हपासूनचा पूर्ण पाथच लिहू ना', हा सल्ला ऑफिसांत सर्रास मिळतो. तो तुमच्या मशीनवर चालतो आणि दुसऱ्याच्या मशीनवर पहिल्याच दिवशी पडतो, कारण त्यात तुमचं युजरनेम बसलेलं असतं. ओएस.सीएचडिर करून वर्किंग डिरेक्टरीच बदलणं हाही मला आवडत नाही असा उपाय. वर्किंग डिरेक्टरी सबंध प्रोसेसची एकच असते, सगळे थ्रेड ती वाटून घेतात, आणि एका फंक्शनने ती हलवली की दुसऱ्याचे पाथ त्याच्या नकळत सरकतात.

पण प्रत्येक पाथ __फाइल__पासून मोजायचा असंही नाही. युजरने टर्मिनलमध्ये पायथन आढावा.पीवाय जून.सीएसव्ही असं नाव दिलं तर त्याला त्याच्या चालू फोल्डरमधलीच जून.सीएसव्ही हवी आहे, तिथे वर्किंग डिरेक्टरीच बरोबर. कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेले पाथ त्या कॉन्फिगच्या फोल्डरपासून मोजावेत. आणि सर्व्हरवर डेटा वेगळ्या डिस्कवर असेल तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून पूर्ण पाथ घ्या, ते नसेल तरच मूळ वापरा. ज्युपिटरच्या सेलमध्ये __फाइल__ नसतंच, नेमएरर येतो. तिथे मार्ग.पीवाय इम्पोर्ट करणं सोपं पडतं, कारण त्या मॉड्यूलला त्याचा __फाइल__ असतो. फक्त 'कोड' फोल्डर आधी सिस.पाथमध्ये घालावा लागतो.

पाथ बरोबर, तरी सापडत नाही

विंडोजच्या पाथमधला बॅकस्लॅश हे पायथनच्या स्ट्रिंगमध्ये एस्केपचं अक्षर असतं, म्हणजे ते पुढच्या अक्षराचा अर्थ बदलतं. फोल्डरचं नाव रोमन टी किंवा एनने सुरू झालं तर बॅकस्लॅशसकट त्याचा टॅब किंवा नवी ओळ होते, आणि सी ड्राइव्हवरच्या यूझर्स फोल्डरच्या कॅपिटल यूमुळे थेट युनिकोडएस्केपचा सिन्टॅक्सएरर येतो. पुढचे, म्हणजे साधे स्लॅश वापरा, विंडोजवर पायथनला ते चालतात. एक्सप्लोररमधून 'कॉपी अ‍ॅज पाथ' केलं तर अवतरणचिन्हं सोबत येतात. प्रॉपर्टीजच्या सिक्युरिटी टॅबमधून पाथ उचलला तर सुरुवातीला डोळ्यांना न दिसणारा एक युनिकोड अक्षर चिकटून येतो. एक्स्टेन्शन लपवलेलं असल्याने नोटपॅडमधली फाइल प्रत्यक्षात दैनिक.सीएसव्ही.टीएक्सटी निघते. डेस्कटॉप वनड्राइव्हमध्ये सरकलेला असतो. नेटवर्कचा झेड ड्राइव्ह तुमच्या लॉगिनपुरता जोडलेला असतो, शेड्युल केलेल्या टास्कला तो दिसत नाही, त्याला सर्व्हरच्या नावापासूनचा यूएनसी पाथ द्यावा लागतो. लिनक्सवर लहान-मोठी लिपी वेगळी धरतात, म्हणजे एक्स्टेन्शन कॅपिटलमध्ये असलेली फाइल विंडोजवर उघडते आणि सर्व्हरवर नाही. आणि '~' हे होमचं चिन्ह शेल उलगडतं, पायथन नाही, त्यासाठी एक्स्पँडयूझर बोलवावं लागतं.

देवनागरी नावांना कॅपिटल-स्मॉलचा त्रास नाही, पण त्यांचा वेगळाच आहे. आमच्याकडे 'वाऱ्याचा वेग' नावाची फाइल होती. त्यातला चंद्रकोरीसारखा र दोन प्रकारे लिहिता येतो: 'वाऱ्या', ज्यात ऱ हा स्वतंत्र अक्षर आहे, आणि 'वार्‍या', ज्यात र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह आहे. पडद्यावर बहुतेक फाँट दोन्ही सारखेच दाखवतात, डिस्कवर मात्र ती दोन वेगळी नावं. फाइलचं नाव एका कीबोर्डवरून दिलं आणि कोड दुसऱ्यावरून लिहिला की भुताटकी सुरू. ऱ चा तिसरा प्रकार म्हणजे र अधिक नुक्ता. युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ एनएफसीने हा तिसरा पहिल्यात मिळवतो, पण अदृश्य जोडचिन्हवाला तसाच राहतो. शोधण्यासाठी:

फॉर फ इन नोंदी.इटरडिर():
    प्रिंट(अ‍ॅस्की(फ.नेम))

यात ऱ असेल तर ०९३१ दिसेल, जोडचिन्ह असेल तर २००डी. तुमच्या कोडमधल्या स्ट्रिंगवरही अ‍ॅस्की लावा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. आमच्या गटात आता फायलींची नावं रोमन अक्षरांत, लहान लिपीत, स्पेसशिवाय ठेवतो आणि मराठी नाव सीएसव्हीच्या आत पहिल्या ओळीत असतं. जिवावर येतं, पण रात्री झोप लागते.

लांब मराठी मथळ्यांवरून नावं देणाऱ्यांसाठी: लिनक्सच्या एक्स्ट४वर एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात, म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपवावं लागतं. विंडोजवर सबंध पाथची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे, आणि ती ओलांडली की तिथे येणारा एरर बऱ्याचदा हाच असतो: फाइल सापडली नाही.

एवढं करूनही अडलं तर गटात विचारताना चार गोष्टी मजकूर म्हणून चिकटवा, मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको: पूर्ण ट्रेसबॅक, सीडब्ल्यूडी आणि रिझॉल्व्हने छापलेल्या दोन ओळी, इटरडिर आणि अ‍ॅस्कीची यादी, आणि स्क्रिप्ट नेमकी कशी सुरू केली ते, म्हणजे बटण, टर्मिनल, क्रॉन की शेड्युलर.